ब्रायटनची छत्री

परदेशीं मरण आलें तर अग्नि कोण देणार, ही चिंता आपल्या घरांना नवी नाहीं. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें घायाळ झालेल्या हिंदी शिपायांना १९१४ च्या डिसेंबरापासून इंग्लंडांतील ब्रायटन येथें आणीत. तेथील जुन्या राजवाड्यांतच रुग्णालय थाटलें होतें. हिंदु-मुसलमानांसाठीं पाण्याचे नळ निराळे, स्वयंपाकघरें तर नऊ! जे वांचले नाहींत, त्यांपैकीं ५३ हिंदु व शीख यांचें दहन गांवाबाहेर पॅचमच्या टेकड्यांवर झालें. रक्षा समुद्रांत सोडली. त्या जागीं १९२१ सालीं संगमरवरी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स नामक तरुणाचा. श्राद्धांत आपण आधीं नांव-गोत्र उच्चारतों. त्या छत्रीवर मात्र एकाहि शिपायाचें नांव नव्हतें. तीं ५३ नांवें शेजारीं कोरलीं गेलीं, तीं २०१० सालीं.