सकाळी रंग, दुपारी फावडं

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातलं ब्लॅक माउंटन कॉलेज १९३३ साली सुरू झालं. पटसंख्या जेमतेम, तरी थाट और.

१९४१ साली कॉलेज लेक ईडनच्या काठी हललं. तिथली मुख्य इमारत विद्यार्थी-प्राध्यापकांनी स्वतः राबून उभारली. त्याच डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली. मुलगे सैन्यात गेले आणि वर्गांत मुलीच जास्त दिसू लागल्या. नाझींमुळे देश सोडावा लागलेले, बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे जोसेफ आल्बर्स चित्रकला शिकवत. वर्ग संपला की दुपारी शेतावरची कामं, त्यातून सुटका नाही!

१९४४च्या उन्हाळ्यात अल्मा स्टोन विल्यम्स ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी इथल्या संगीतवर्गात दाखल झाली. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर दहा वर्षांनी आला.