जुनी बॉडी, दुसऱ्या सालाची चासी : आधी माप, मग वेल्डिंग



गळीत हंगाम संपला की वाहने गॅरेजला लागतात. कुणाच्या शेडमध्ये वडिलांच्या वेळची जीप उभी असते. पत्रा शाबूत, पण चासी गंजलेली. मग "दुसऱ्या सालाची चासी बघू, बॉडी तिच्यावर चढवू" असा विचार निघतो. हे काम कसे होते आणि कुठे फसते, ते अमेरिकेतल्या उदाहरणावरून पाहू. तिकडे हौशी लोक हे काम बरीच वर्षे करीत आले आहेत.

शेव्हरोले कंपनीने १९४७ ते १९५५ या काळात गोल नाकाची पिकअप काढली. अर्ध्या टनी गाडीला पुढे अखंड धुरा, खाली कमानपाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आजच्या रस्त्याच्या वेगाला हे ब्रेक कमी पडतात. म्हणून पुष्कळ जण त्याच कंपनीच्या १९८२ पासून निघालेल्या एस-१० या लहान पिकअपची चासी घेतात. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि स्वतंत्र सस्पेन्शन आयतेच मिळते. जुन्या गाडीच्या दोन धुऱ्यांमधले अंतर ११६ इंच, एस-१० च्या लांब नमुन्याचे सुमारे ११८ इंच.

फरक दोनच इंचांचा, पण खरी मेहनत तिथेच आहे. पुढचे चाक मडगार्डच्या मधोमध आणले, तर मागचे सरकते. एस-१० अरुंद असल्याने चाके मडगार्डच्या आत दडतात. कॅबीन टेकण्याच्या जागा जुळत नाहीत, स्टिअरिंगचा दांडा नव्याने जोडावा लागतो.

जाणते कारागीर घाई करीत नाहीत. चासी सपाट जागी पाण्याच्या पातळीत ठेवतात, कोनाकोन माप घेऊन ती वाकलेली नाही याची खात्री करतात. बॉडी नुसती टेकवून, चाके लावून बघतात. ब्रॅकेटला आधी नुसते टाके मारतात. सगळे जुळल्यावरच पक्के वेल्डिंग. कॅबीन चासीला थेट वेल्ड करीत नाहीत. मध्ये रबर घालून बोल्टने आवळतात, कारण खड्ड्यात चासी पिळते, तसा पत्रा पिळला तर तडकतो.

आपण ऊस वाहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बॉडी मोठी दिसली म्हणून वजन पेलण्याची ताकद वाढत नाही. खालची चासी, धुरा आणि ब्रेक जेवढे पेलतील, तेवढाच भार. आंब्याच्या कलमात फळ वरच्या डोळ्याचे, पण आधार खुंटाचाच, तसेच हे.

आता कायद्याचे. गाडीची कागदोपत्री ओळख चासी नंबरावर असते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. अपघात झाला तर विम्याचे भांडण वेगळेच.

तेव्हा चासीचा सौदा करण्याआधी, गाडी गॅरेजला लावण्याआधी, कागद घेऊन आर.टी.ओ. कचेरीत जा. तिथे परवानगी नसेल, तर जुनी चासीच दुरुस्त करून घ्या. पैसा परत मिळवता येतो, रस्त्यावर गेलेला माणूस परत येत नाही.

— ऊस विकास अधिकारी