घड्याळ म्हणते तीन तास!

सकाळी १० वाजता मुंबईहून निघालेले विमान जेद्द्याला दुपारी १ च्या सुमारास उतरते. तिकीट पाहून घरातली वडीलधारी म्हणतात, "तीनच तास की!" पण सौदीचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. सुमारे ३,५०० किलोमीटरच्या या प्रवासाला खरे तर साडेपाच तास लागतात. म्हणून मधुमेह असलेल्यांनी औषध-जेवणाच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचाराव्यात, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. थेट उमऱ्याला जाणाऱ्यांनी इहराम निघतानाच बांधावा. मीकात आकाशातच ओलांडली जाते, नियत त्याआधी करावी. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजाने जात. तेव्हा तयारीला वाटेत दिवस मिळत; आता ती घरूनच करून निघावी.