विश्लेषण : विंडोज, मॅक की लिनक्स? ध्वनिमुद्रणाचा दर्जा ऑपरेटिंग सिस्टीमवर ठरतो का?

पॉडकास्ट, ऑडिओबुक, रियाजाचे किंवा गाण्याचे ध्वनिमुद्रण आता घरच्या लॅपटॉपवर होऊ लागले आहे. ते मनासारखे झाले नाही, की एक सल्ला हमखास मिळतो : ‘मॅक घ्या, आवाज सुधारेल.’ लिनक्सचे चाहते लिनक्सकडे बोट दाखवतात, तर विंडोजवाले ड्रायव्हर बदलायला सांगतात. या सल्ल्यापोटी अनेकदा हजारो रुपये खर्च होतात. ऑपरेटिंग सिस्टीमचा आवाजाशी नेमका संबंध किती, याचा हा आढावा.

आवाजाचे आकडे कुठे तयार होतात?

मायक्रोफोन आवाजाचे रूपांतर विजेच्या सूक्ष्म लहरींत करतो. ऑडिओ इंटरफेस, यूएसबी माईक किंवा लॅपटॉपच्या साउंड चिपमधील कन्व्हर्टर त्या लहरींची सेकंदाला हजारो वेळा मोजणी करतो. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा, तर व्हिडीओसाठी बहुधा ४८,००० वेळा होते. १६ बिटमध्ये प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्या मिळतात, तर २४ बिटमध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख.

ही मोजणी होईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टीमची भूमिका जवळपास नसते. माईक कसा आहे, तो तोंडापासून किती अंतरावर आहे, खोलीत आवाज किती घुमतो, पंखा सुरू आहे का आणि कन्व्हर्टरचा दर्जा काय, यावर आवाजाचा पोत ठरून गेलेला असतो. चार्जर लावल्यावर येणारी घूं-घूं वीजजोडणीतील दोषाची असते. तीही ऑपरेटिंग सिस्टीम बदलून जात नाही.

मग ऑपरेटिंग सिस्टीमचे काम काय?

ड्रायव्हरमार्फत आलेले हे आकडे उचलायचे आणि ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरपर्यंत वेळेत पोहोचवायचे, हे तिचे काम. आकड्यांना वाटेत धक्का लागला नाही तर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर तयार होणारी फाईल आवाजाच्या दृष्टीने एकच असते. आकड्यांना ‘ऊबदार’ किंवा ‘कोरडा’ असा स्वभाव नसतो.

याची पडताळणी करता येते. एकच ध्वनिफाईल डिजिटल केबलने इंटरफेसमध्ये सोडायची आणि ती दोन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर मुद्रित करायची. मग दोन्ही फाईल तंतोतंत जुळवून एकीची लहर उलटी करायची आणि त्या एकत्र वाजवायच्या. पूर्ण शांतता उरली, तर दोन्हींत काहीच फरक नाही. मात्र गायकाला दोनदा गायला लावून केलेली तुलना ग्राह्य ठरत नाही. माईकपासून चार बोटे अंतर बदलले, तरी आवाज बदलतो.

आकड्यांना धक्का कुठे लागतो?

पहिली जागा म्हणजे सामायिक मार्ग. संगणकावर एकाच वेळी गाणे, कॉल, सूचनांचे आवाज असे बरेच काही सुरू असते. या सगळ्यांना एकच साउंड कार्ड वापरता यावे, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम सर्वांना एका ठरावीक दरावर आणते. माईक ४८,००० वर आणि सॉफ्टवेअर ४४,१०० वर असेल, तर मधल्या मध्ये दर बदलला जातो. चांगल्या पद्धतीने केलेला हा बदल सहसा कानाला कळत नाही, निकृष्ट पद्धतीने केलेला मात्र जाणवू शकतो.

दर चुकीचा नोंदवला गेला, तर गोंधळ मोठा होतो. ४४,१०० वर मुद्रित झालेला आवाज ४८,००० समजून वाजवला, तर वेग सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो आणि पट्टी जवळपास दीड अर्धस्वर चढते. काळी एकमध्ये गायलेली चीज पांढरी दोनच्याही वर सरकते आणि सोबतीला हार्मोनियम लावणे अशक्य होते.

विंडोजची बदनामी का झाली?

त्यामागे इतिहास आहे. विंडोज एक्सपीच्या काळात आवाज ‘केमिक्सर’ नावाच्या मिश्रकातून जात असे. तो दर बदलत असे आणि सुमारे ३० मिलिसेकंदांचा विलंबही घालत असे. तो टाळण्यासाठी स्टाइनबर्ग या कंपनीने १९९७मध्ये आणलेली ‘एएसआयओ’ ही पद्धत स्टुडिओंमध्ये रूढ झाली. तिच्यामुळे सॉफ्टवेअर थेट इंटरफेसशी बोलू लागले. २००७मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने ही रचना बदलली. ‘वासापी’ या नव्या पद्धतीत सामायिक आणि एकाधिकार असे दोन मार्ग आले. दुसऱ्या मार्गात एकच सॉफ्टवेअर साउंड कार्डाचा ताबा घेते आणि मधला मिश्रक वगळला जातो.

ॲपलने २००१च्या मॅक ओएस टेनपासून ‘कोअर ऑडिओ’ ही व्यवस्था सिस्टीममध्येच दिली. त्यामुळे वेगळा ड्रायव्हर न शोधता अनेक इंटरफेस चालू लागले. मॅकच्या लौकिकामागे ‘गोड’ आवाजापेक्षा ही सोय अधिक आहे. लिनक्सवर ‘अल्सा’, ‘पल्सऑडिओ’ आणि ‘जॅक’ अशा वेगवेगळ्या व्यवस्थांनी नवखे वापरकर्ते गोंधळत. ‘पाइपवायर’ने त्या बऱ्याच अंशी एका छत्राखाली आणल्या. फेडोरा ३४ने २०२१मध्ये आवाजासाठी तिचा मूळ व्यवस्था म्हणून स्वीकार केला.

‘आवाज स्वच्छ’ करणारी सुविधा घातक कशी?

आज सर्वाधिक ऐकू येणारा फरक या सुविधांमुळे पडतो. गोंगाट कमी करणे, प्रतिध्वनी काढणे, आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणे या सोयी कॉलवरील बोलण्यासाठी बनलेल्या आहेत. बोलणे थांबत-थांबत येते आणि पंख्याचा आवाज अखंड असतो, हे गृहीत धरून त्या अखंड आवाज दाबतात. तानपुराही अखंड वाजतो. त्यामुळे ऑनलाइन संगीतवर्गात तानपुरा मधूनच गायब होतो, आलापातला लांब सूर तुटतो आणि तबल्याची आस कापली जाते.

विंडोजमध्ये माईकच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ असतात. मॅकवर २०२१च्या मॉन्टेरे आवृत्तीपासून कॉलसाठी ‘व्हॉइस आयसोलेशन’चा पर्याय आला आहे. कॉलच्या ॲपमध्येही अशीच सोय स्वतंत्रपणे असते. एका ठिकाणी ती बंद केली, तरी दुसरीकडे सुरू राहू शकते. एकदा कापला गेलेला सूर मुद्रणानंतर परत आणता येत नाही.

मध्येच ‘टक्‌’ असा आवाज का येतो?

आकडे एक-एक करून न पाठवता गठ्ठ्याने पाठवले जातात. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८,००० च्या दराने १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, तर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे तीनपेक्षाही कमी. जाताना आणि येताना असा दोनदा विलंब होतो. म्हणून मोठ्या बफरवर गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून ऐकू येतो आणि लय ढळते. बफर फार लहान ठेवला आणि त्याच वेळी अपडेट, वायफायचा ड्रायव्हर किंवा बॅटरी वाचवणारी यंत्रणा आडवी आली, तर गठ्ठा वेळेत उचलला जात नाही. तेवढे आकडे हरवतात आणि तिथे ‘टक्‌’ असा आवाज येतो.

ऑपरेटिंग सिस्टीमचा खरा कस इथे लागतो. वेळेचे हे बंधन पाळता यावे, यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये अनेक वर्षे स्वतंत्रपणे विकसित झालेली रिअल-टाइम व्यवस्था २०२४च्या ६.१२ आवृत्तीत मुख्य प्रवाहात आली.

ब्लूटूथ आणि मोबाइलचे काय?

ब्लूटूथ हेडफोनचा माईक सुरू झाला, की जोडणी सहसा कॉलच्या पद्धतीवर जाते. त्या पद्धतीत सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुनेच मिळतात. गाण्याचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा वाटतो, तो त्यामुळे. हा दोष विंडोज, मॅक, अँड्रॉइड अशा सर्वत्र दिसतो. मोबाइलमध्ये माईकच्या आवाजावर कंपनीनुसार प्रक्रिया होते. अँड्रॉइड ७.०पासून ॲपला प्रक्रिया न केलेला आवाज मागता येतो, मात्र फोनने आणि ॲपने ती सोय दिलेली असावी लागते.

खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड या क्रमाने माईकपर्यंत जाऊन दर पाहावा आणि एन्हान्समेंट्स बंद कराव्यात. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये दर पाहावा. माईक आणि सॉफ्टवेअर या दोन्ही ठिकाणी एकच दर ठेवावा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर वापरावा. मुद्रण करताना वायरचे हेडफोन घ्यावेत. स्वतःचा आवाज ऐकण्यासाठी इंटरफेसवरील थेट ऐकण्याची सोय वापरावी आणि बफर मोठा ठेवावा. वायफाय आणि अपडेट तेवढ्यापुरते थांबवावेत.

एवढे करूनही आवाज घुमत असेल, तर दोष खोलीत किंवा माईकच्या जागेत आहे. अशा वेळी नव्या लॅपटॉपआधी खिडकीला जाड पडदा आणि माईकला स्टँड, हा खर्च अधिक उपयोगी ठरतो. मात्र मोठ्या बफरवरही ‘टक्‌’ असा आवाज थांबत नसेल आणि ड्रायव्हर बदलूनही उपयोग होत नसेल, तरच संगणक किंवा ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याचा विचार करावा.