वाकणारे धातू आणि लहानांची हाडे

आमच्या बेळगावात फाउंड्र्या पुष्कळ. त्यामुळे धातूंविषयी डॉक्टरलाच उलट चार प्रश्न विचारणारा पालक येथे भेटतो. काही वर्षांपूर्वी अशा एका गृहस्थांच्या नऊ वर्षांच्या मुलाचे मांडीचे हाड मोडले. अस्थिरोगतज्ज्ञांनी लवचीक सळ्या घालण्याचे ठरविले. ‘स्टीलच्या घालाव्यात की टायटॅनियमच्या?’ हे विचारायला वडील माझ्याकडे आले. मी क्षणाचाही विचार न करता टायटॅनियमचे नाव घेतले. ‘का?’ या पुढच्या प्रश्नावर मात्र ‘ते महाग आहे’ याहून सबळ कारण मला सुचेना.

धातूवर बल लावले की प्रथम तो स्प्रिंगसारखा वागतो. अणूंमधील अंतर किंचित बदलते आणि बल काढताच पूर्ववत होते. विशिष्ट मर्यादेपलीकडे मात्र स्फटिकांतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात व वाक कायमचा राहतो. तांब्याची तार वाकविली तशीच राहते, छत्रीची पोलादी काडी उसळून सरळ होते; हा त्या मर्यादेचाच फरक. तीच तांब्याची तार त्याच जागी पुन्हा वाकवून पाहावी, जोर अधिक लागतो. सरकण्यातले दोष एकमेकांत अडकून धातू कठीण झालेला असतो. तांबट भांडे ठोकता ठोकता मधूनच तापवून घेतो, ते यासाठीच. (हृदयाच्या पडद्यातील छिद्र बंद करणाऱ्या छत्रीतला नायटिनॉल हा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू तर सुमारे आठ टक्के ताणूनही मूळ आकारावर येतो, पोलादाला एक टक्काही सहसा झेपत नाही.)

माझी गल्लत झाली होती ती ताकद आणि ताठरपणा या दोन गुणांत. किती बलाने धातू कायमचा वाकेल, ही ताकद. त्याआधी दिलेल्या बलाखाली तो किती झुकेल, हे ताठरपणावर ठरते. ताठरपणा दर्शविणारा यंगचा गुणांक स्टेनलेस स्टीलचा सुमारे १९०, टायटॅनियम मिश्रधातूचा ११० आणि हाडाच्या घट्ट बाह्य थराचा १५ ते २० गिगापास्कल असतो. म्हणजे टायटॅनियम दुबळे नाही, पण झुकते अधिक.

धनुष्यासारख्या बाक दिलेल्या दोन सळ्या गुडघ्याच्या वरून, वाढीच्या पट्टीला धक्का न लावता, हाडात सरकवितात. त्यांच्या लवचीकतेमुळे मोडलेल्या जागी होणारी सूक्ष्म हालचाल नवे हाड धरण्यास पोषक ठरते. टायटॅनियमची बाजू ही. परंतु २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, १०४ मुलांच्या एका तुलनेत मांडीचे हाड वाकडे जुळण्याचे प्रमाण टायटॅनियमच्या गटात सुमारे २३ टक्के, तर स्वस्त अशा स्टीलच्या गटात ६ टक्के आढळले. एका अभ्यासाने वाद मिटत नाही, हे खरे; माझा आत्मविश्वास मात्र पुरता उतरला.

शिवाय गोल सळईचा झुकण्यास होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. टायटॅनियमऐवजी स्टील घेतल्यास तो पावणेदोन पट होतो. तीनऐवजी चार मिलिमीटरची सळई घेतल्यास तिपटीहून अधिक!

पुढे तेच गृहस्थ आपल्या पुतण्याच्या मोडलेल्या मांडीची क्ष-किरण प्रतिमा घेऊन आले आणि त्यांनी पुन्हा धातूच विचारला. मी आधी मुलाचे वजन विचारले, मग प्रतिमेत हाडाची पोकळी सर्वांत अरुंद कुठे आहे ते दाखविले. प्रत्येक सळई त्या रुंदीच्या सुमारे ४० टक्के जाडीची हवी, हे त्यांनी खिशातल्या चिठ्ठीवर टिपून घेतले आणि शल्यचिकित्सकांकडे गेले.