हरवलेली शिळा आणि वीस बाजूंचा फासा



गेल्या सेमिस्टरला एका शनिवारी रात्री साडेअकराला आमच्या विंगमध्ये राउंड झाला. आमच्या रूममध्ये सहा जण, मध्ये खडूने काढलेला नकाशा, स्टीलच्या ग्लासात हाऊजीचे आकडे आणि एक जण ओरडतोय, "थांबा, शिळा अजून मचव्यातच आहे!" पुढचा अर्धा तास हा जुगार नाही हे समजावण्यात गेला. तेव्हा ठरवलं, एकदाचं मासिकात लिहूनच टाकायचं. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

तर आम्ही खेळत होतो टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. कॉम्प्युटर नाही, पट नाही, पैसे तर नाहीतच. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'माझं पात्र आता काय करतं' ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तिथून हा प्रकार जगभर पसरला. त्यात वीस बाजूंचा फासा लागतो. तो आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून आम्ही हाऊजीचे १ ते २० आकडे ग्लासात टाकून एक उचलतो. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरही होतं. रँडम नंबरचं बटण दाबा, २० ने गुणा, दशांशाच्या पुढचं सोडा आणि १ मिळवा. झाला फासा!

खरी मेहनत असते ती सेटिंगची, म्हणजे गोष्ट ज्या जगात घडते ते जग बनवण्याची. त्याचे दोन मार्ग. एक, सगळंच जग काल्पनिक : ड्रॅगन, बुटके, जादूगार. दुसरा मार्ग आम्हाला जास्त आवडला. जग खरं, साल खरं, राजे खरे, पण पुस्तकातल्या इतिहासाच्या खाली एक लपलेली जादू. १९८७ चा 'आर्स मॅजिका' हा गेम तेराव्या शतकातल्या युरोपात घडतो. १९८४ चा 'मेलस्ट्रॉम' सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. तो लिहिणारा अलेक्झांडर स्कॉट तेव्हा शाळकरी पोरगा होता, हे वाचून आमचा धीर वाढला.

लपलेल्या जादूसाठी रेनेसाँस, म्हणजे आपल्या पुस्तकातलं प्रबोधनयुग, फार सोयीचं. कारण तेव्हा गणित, ज्योतिष, औषध आणि मंत्र यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती. लंडनमध्ये १५५५ साली जॉन डी नावाच्या गणितज्ञाला अटक झाली, कारण काय तर त्याने राणी मेरीची कुंडली मांडली! आणि हे फक्त तिकडेच नाही. विजापूरला अली आदिलशहाच्या दरबारात १५७० साली 'नुजूम-उल-उलूम' नावाचा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात ग्रहतारे, ताईत, अदृश्य शक्ती आणि युद्धाची शस्त्रं सगळं एकाच पोथीत आहे. ती पोथी आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे.

फ्लॉरेन्स की घारापुरी?

खरं सांगायचं तर आमचं पहिलं सेटिंग फ्लॉरेन्समध्ये होतं. लिओनार्डो वगैरे. दोन शनिवारांत कंटाळा आला. कुणालाच तिथल्या गल्ल्या माहीत नव्हत्या, आणि सगळी पात्रं पिझ्झाच्या मेनूकार्डातून आल्यासारखी बोलायची. तेव्हा आमच्या ग्रुपमधला उरणचा मित्र खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "अरे, ते समोर काय आहे?"

समोर बंदराच्या क्रेन आणि त्यांच्या पलीकडे घारापुरी.

शोधायला बसलो आणि हादरलोच. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि तिच्याबरोबर मुंबई बंदरातली बेटंही गेली. म्हणजे युरोपचं ते प्रबोधनयुग आपल्या खाडीतच येऊन उतरलं होतं. ही तीन माणसं बघा.

पहिला जुआंव द कास्त्रो. १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला जाताना त्याने किनाऱ्याच्या बारीक नोंदी केल्या आणि घारापुरीची लेणी मोजून काढली. वसईजवळ त्याला होकायंत्राची सुई भलतीकडे वळलेली दिसली. कारण पाण्याखालचे खडक असावेत, असं त्याने म्हटलं. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट आणि त्यात मॅग्नेटाइट असतं, हे आपल्याला फर्स्ट इयरपासून माहीत आहे. त्याने ते सुईकडे बघून ताडलं!

दुसरा गार्सिया द ऑर्ता. हा वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याची ओळख. पुढे १५५४ च्या सुमारास मुंबई बेटच त्याला वार्षिक खंडाने मिळालं. आपल्या मुंबईतल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा बहर येतो, असं त्याने लिहून ठेवलंय. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. गोव्यात छापखाना आला होता १५५६ ला, म्हणजे सात वर्षं आधी.

तिसरा आपला गणेश दैवज्ञ. जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा. १५२० च्या सुमारास त्याने 'ग्रहलाघव' लिहिलं. त्यात ग्रहांची गणितं ज्या, म्हणजे आपला साइन, न वापरता करता येतात. साधारण अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र धरायचं आणि सोपे आकडे वापरायचे. कोपर्निकसचं पुस्तक आलं १५४३ ला. पंचांगवाले पुढे कित्येक पिढ्या 'ग्रहलाघव' वापरत होते. कॅल्क्युलेटरशिवाय पेपर देणाऱ्यांनी या माणसाला नमस्कार करावा.

आणि आता मुख्य गोष्ट. घारापुरीच्या लेण्याच्या दाराशी एक कोरीव लेख असलेली शिळा होती. पोर्तुगीजांनी ती काढली आणि तिसऱ्या जुआंव राजाकडे पोर्तुगालला पाठवली. तिकडे कुणालाच ती वाचता आली नाही. पुढे ती हरवली. दियोगो द कूतो या इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. लेणी कुणी कोरवली हे कदाचित त्या शिळेवरच होतं.

मिळालं आमचं सेटिंग! साल धरलं १५५५. कास्त्रो वारलाय, पण त्याच्या नोंदी आहेत. ऑर्ता मुंबईत येऊन-जाऊन आहे. राजा अजून दोन वर्षं जगणार आहे. शिळा कधी हलली ते साल आम्ही आमच्या सोयीने धरलं.

जादूचे नियम

लपलेली जादू लपलेलीच राहायला हवी, नाहीतर इतिहास बदलतो. म्हणून 'मेलस्ट्रॉम'ची कल्पना उचलली. गोष्ट जितकी अशक्य, तितकी जादू अवघड. संध्याकाळी खाडीत वारा फिरवायचाय? तो तसाही फिरतो, म्हणून ५ किंवा जास्त आला की झालं, म्हणजे ८० टक्के. पहारेकऱ्याला नेमकी तेव्हाच डुलकी लागायला हवी? १२ किंवा जास्त, ४५ टक्के. ऐन मेमध्ये धो धो पाऊस? २० च पाहिजे, ५ टक्के.

शिवाय प्रत्येक जादूमागे एक 'बोभाटा' गुण वाढतो. दहा झाले की कुणीतरी ते लिहून ठेवतो. लिहिलं गेलं की खेळ संपला, सगळे हरले. जादू कुठे आहे ते होकायंत्राची सुई दाखवते, पण सुई खडकामुळेही हलते. त्यामुळे पात्रांनाही खात्री नसते आणि बाहेरच्याला शंका आली तरी खडकाचं उत्तर तयार असतं!

आमच्या दोन चुका

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

पहिली चूक. आम्ही ठरवलं की लेणी जादूने कोरली गेली. भारी वाटलं! मग कळलं, ऑर्तानेही जवळजवळ हेच लिहिलंय. हे सैतानाचं काम असावं, आणि कुणी म्हणतात की चिन्यांनी केलं, असं. म्हणजे इथल्याच पाथरवटांनी छिन्नी-हातोडी घेऊन, बहुधा सहाव्या शतकात, अख्खा डोंगर आतून कोरला असेल हे त्या काळच्या एवढ्या हुशार माणसालाही पटलं नव्हतं. आणि साडेचारशे वर्षांनी आम्हीही तेच करत होतो, त्यांचं श्रेय भुतांना देत होतो.

दुसरी चूक जास्त वाईट. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आलं. ऑर्ताचं घराणं मूळचं ज्यू, जबरदस्तीने ख्रिश्चन केलेलं. तो १५६८ ला वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं आणि १५८० ला त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. आम्ही काय केलं? इन्क्विझिशनच्या मुख्याच्या अंगात वेताळ संचारलाय असं लिहिलं. आमच्या ग्रुपमध्ये वसईचा एक ख्रिश्चन मित्र आहे. तो वहीवरून नजर न काढता म्हणाला, "म्हणजे माणसांनी काहीच केलं नाही, असंच ना?"

कोणी काही बोललं नाही. त्या रात्री खेळ झाला नाही.

मग भिंतीवर नियम लिहून चिकटवला : माणसाचं श्रेय जादूला द्यायचं नाही आणि माणसाचं पापही जादूच्या डोक्यावर टाकायचं नाही. जादू फक्त रिकाम्या जागेत. म्हणजे जिथे नोंदच नाही, तिथे. शिळेवर काय लिहिलं होतं, ही रिकामी जागा. ती हरवली कशी, ही रिकामी जागा. ती पोर्तुगालला गेली ही मात्र नोंद आहे, तिला हात लावायचा नाही.

याच नियमातून पात्रंही सापडली. राजे आणि वैद्य सूत्रधाराकडे. खेळणाऱ्यांनी घ्यायची ती इतिहासात नाव न राहिलेली माणसं. कोळ्यांचा तांडेल. पाथरवटाची मुलगी. ऑर्ताच्या बागेतला माळी. नांदगावला गणित शिकून आलेला मुलगा. ही माणसं काय करत होती ते कुणी लिहिलंच नाही, म्हणून ती काहीही करू शकतात.

नकाशा आणि शेवटचा डाव

नकाशा करायला आजचा नकाशा घेतला आणि त्यातून बंदर वजा केलं. १९८९ साली बंदर सुरू झालं, त्याच्या आधी इथे खाडी, खाजण, मिठागरं आणि न्हावा, शेवा ही गावं. खडूने खाडी आत आत आणत गेलो. उरणचा मित्र एका जागी थांबला. "इथे आमच्या आजोबांचं घर होतं," म्हणाला. बंदर आलं तेव्हा शेव्याची माणसं उठून दुसरीकडे गेली, त्यातलंच हे एक घर.

रेक्टर सर, तुम्ही आलात त्या रात्री आमचा शेवटचा डाव चालला होता. शिळा जहाजावर चढणार हे ठरलेलं. थांबवायचं नाही. मग आमच्या पात्रांनी ठरवलं, जाण्याआधी तिचा ठसा घ्यायचा. पाथरवटाच्या मुलीने काजळी आणि धोतराचं फडकं आणलं. पहारेकऱ्याला डुलकी लागायला १२ हवे होते, आले १३. वाऱ्याला ५ हवे होते, आले ५. बोभाटा झाला ९! ठसा निघाला. वाचता कुणालाच येत नव्हता, पण निघाला.

आता तो लपवायचा कुठे? तांडेल उरणच्या मित्राकडे होता. तो म्हणाला, "शेव्याला. आमच्या घराच्या जोत्याखाली."

सूत्रधार म्हणाला, "लपवलास. मग?"

"मग काय. ते जोतं आता कंटेनर यार्डाखाली आहे."

इतिहासात कुठेच नोंद नाही, म्हणजे नियमाला धरूनच होतं. आम्ही मात्र बराच वेळ तसेच बसून होतो. सेटिंग आम्ही बनवलं होतं, पण ती एक रिकामी जागा आम्ही बनवलेली नव्हती.

तुम्हाला करायचं असेल तर

फार काही लागत नाही. तुमच्या गावाजवळचं एक ठिकाण घ्या. सोलापूरचे, नांदेडचे, सांगलीचे, कुठलेही असा. तिथली एक खरी नोंद शोधा, जिचा शेवट हरवलाय. एक साल पक्कं करा. त्या सालच्या खऱ्या पाच गोष्टी लिहा, त्या बदलायच्या नाहीत. जादू रिकाम्या जागेत ठेवा आणि पात्रं बिननावाची घ्या. नियम एका पानात मावले पाहिजेत, आमचे तर व्हायवाच्या आदल्या रात्री फाइलच्या मागच्या पानावर मावले. आणि टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणी गप्प झाला तर खेळ थांबवून त्याला विचारा. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, पण सगळ्यात आधी हाच लागतो.

आणि एखाद्या रविवारी गेटवेवरून लाँचने घारापुरीला जाऊन या. ज्या दगडी हत्तीवरून 'एलिफंटा' नाव पडलं, तो तिथे नाही, तो भायखळ्याला जिजामाता उद्यानाजवळ आहे. लेण्यात शिरताना दाराशी जरा थांबा. शिळा दिसणार नाही. कुठे असेल, ते मनात ठरवा आणि शनिवारी मेस बंद झाल्यावर आमच्या रूमवर या. ग्लास तयार असेल.

रेक्टर सर, तुमच्यासाठी एक पात्र राखून ठेवलंय. पहारेकऱ्याचं!