‘५० वॅट × ४’चं गौडबंगाल

कार स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ हा आकडा हटकून छापलेला असतो. तो येतो कुठून, ते एकदा पाहूच. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. दारातला स्पीकर बहुधा ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागा, उत्तर ५१.८४. म्हणजे स्पीकरला सतत पूर्ण व्होल्टेज दिलं तर मिळतील ते वॅट. पण तसं दिलं तर गाणं कसलं, नुसती खरखर ऐकू येईल. स्वच्छ आवाज हवा असेल तर कागदावरची कमाल याच्या निम्मी, आणि प्रत्यक्षात कंपनी फिटेड स्टिरिओ चॅनलमागे अठरा-वीस वॅटवर दम टाकतो. हायवेवर आवाज वाढवला की गाणं फाटतं, ते त्यामुळेच.

बाहेरून जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर आधी हेच व्होल्टेज आतल्या आत वाढवून घेतो, म्हणून त्याला ही मर्यादा नाही. तरी फार अपेक्षा नको. वॅट दुप्पट झाले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट’ वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. १८ चे ५० झाले म्हणून काचा हादरणार नाहीत. फरक जाणवतो तो ढोलकीच्या थापेत आणि गायकाच्या वरच्या पट्टीत, जिथे पूर्वी आवाज चिरकायचा.

खरेदी करताना एकच आकडा विचारा: ४ ओहमला आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट, किती? खोक्यावरचे ‘१२०० वॅट’ विसरून जा. चॅनलमागे ५० आरएमएस देणारा, हाय-लेव्हल इनपुट असलेला साधा फोर-चॅनल अ‍ॅम्प पुरे. ही दुसरी अट महत्त्वाची, कारण बहुतेक कंपनी स्टिरिओंना मागे आरसीएचं आउटपुट नसतंच. मग स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींतूनच सिग्नल घ्यायचा. अ‍ॅम्पला ती सोय नसेल तर हाय-लो कन्व्हर्टर लागतो. गाडीच्या मूळ वायरी मात्र कापू देऊ नका. त्या मॉडेलचा कपलर मिळतो. तो मधे जोडला की वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना सगळं काढूनही घेता येतं.

आता वायरिंग. काटकसर इथेच केली जाते आणि ती इथे मुळीच करू नये. अ‍ॅम्पची मुख्य वायर थेट बॅटरीपासून येते, बोनेटमधून पत्र्याच्या भोकातून आत शिरते आणि सीटखाली किंवा डिकीत पोचते. त्या भोकाला रबरी ग्रोमेट नसेल तर गाडीच्या थरथरीने पत्र्याची कड रोज थोडं थोडं आवरण कापते. एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं. बॉडी म्हणजे अर्थ. बॅटरी शेकडो अँपिअर त्या वायरीत ओतते आणि कार्पेटखालची वायर निखाऱ्यासारखी लाल होते. अ‍ॅम्पवरचा फ्यूज तेव्हा काही कामाचा नाही, कारण तो वायरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला. म्हणून बॅटरीपासून वीतभर-दीड वीत अंतराच्या आत वेगळा फ्यूज हवाच, आणि तो अ‍ॅम्पच्या नव्हे, वायरीच्या क्षमतेला साजेसा हवा. वायर ८ गेजची, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त किट लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत कुठेही मिळतात. नखाने वायर खरवडली की आतली चांदीसारखी तार दिसते. अर्थिंगची वायर आखूड ठेवा आणि तिच्या बोल्टखालचा रंग घासून पत्रा उघडा करा. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर पहिला संशय या जोडावर घ्या.

सीएनजी गाडीत डिकी टाकीने खाल्लेली असते, तेव्हा अ‍ॅम्प पुढच्या सीटखाली जातो. तिथे तो कार्पेटवर आडवा टाकू नका, प्लायवर उचलून बसवा. पावसाळ्यात पाणी आधी तिथेच साचतं.

गेनचा स्क्रू म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हे फिटर मंडळीही विसरतात. तो पूर्ण पिळला की अ‍ॅम्प क्लिप होतो आणि ट्विटर जळतात. स्पीकर काढून, फिल्टर बंद करून, स्टिरिओ तीन चतुर्थांशावर ठेवायचा, १०० हर्ट्झचा टोन लावायचा आणि आउटपुटला मल्टिमीटर लावून १४ व्होल्ट एसीपर्यंतच गेन वाढवायचा. हेच तुमचे ५० वॅट. नंतर हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर लावा. दारातल्या छोट्या स्पीकरवर खोल बास लादण्यात अर्थ नाही.

सबवूफरचा मोह तूर्त आवरा. पैसे उरलेच तर पुढच्या दोन दारांना ब्यूटाइल डॅम्पिंग शीट लावून घ्या, कारण अर्धा बास पत्र्याच्या खडखडाटात मरतो. मागचे स्पीकर आहेत तसे राहू देत. आणि दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा, बॅटरीजवळ फ्यूज कुठे लावणार? ‘त्याची काय गरज, साहेब’ असं उत्तर आलं तर गाडी दुसऱ्या दुकानात न्या.